संगणकाच्या भाषेंतील राखीव नांवें



आपल्याकडे लग्नांत नव्या सुनेचें नांव बदलण्याची चाल होती. कांहीं घराण्यांतून ती अजूनहि आहे. या चालीचीं कारणें अनेक सांगतात, पण त्यांतलें एक निव्वळ व्यवहाराचें असे. सासरीं त्याच नांवाची नणंद किंवा जाऊ आधींच नांदत असली, तर माजघरांतून 'सुमति' अशी हांक जातांच दोघी ओ देणार. सासूबाईंचेंच नांव सुमति असलें तर प्रसंग त्याहून अवघड. कारण सुनेला हांक मारणें म्हणजे थोरल्या बाईंचा एकेरी उल्लेख करणें. मग नांव कोणाचें बदलावयाचें? हा प्रश्न कोणी विचारीत नसे. जी नवी आली तिचें. ताटांत तांदूळ पसरून त्यांत सोन्याच्या अंगठीनें नवें नांव लिहिलें कीं काम झालें. त्या मुलीला काय वाटलें, हें तांदळांत लिहीत नसत.

संगणकाच्या प्रोग्रॅमांतहि नेमका हाच पेंच पडतो, आणि तो कसा सोडवला गेला हें आज मला सांगावयाचें आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु आपल्या खिशांतल्या फोनपासून घरांतल्या वायफायच्या पेटीपर्यंत ज्या उपकरणांवर आपला दिवस चालतो, त्यांच्या मुळाशीं सी नांवाची भाषा आहे, आणि नांवांविषयींची ही समजूत पस्तिसांहून अधिक वर्षें तिच्या लेखी नियमांत आहे.

प्रोग्रॅम म्हणजे संगणकासाठीं लिहिलेल्या आज्ञांचा लेख. या लेखाचा बराच मोठा भाग नांवांनीं व्यापलेला असतो. पगाराचा हिशेब करावयाचा तर मूळ वेतनाला एक नांव, महागाई भत्त्याला दुसरें, दोहोंची बेरीज करणाऱ्या कृतीला तिसरें. हीं नांवें लिहिणारा आपल्या मर्जीनें ठेवतो. लिहून झालें म्हणजे कंपायलर नांवाचा एक दुसरा प्रोग्रॅम तो लेख वाचून यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत त्याचें भाषांतर करतो. येथवर घरांत एकच माणूस आहे असें वाटतें. पण तसें नसतें. पडद्यावर अक्षरें उमटवणें, फाइल उघडणें, वर्गमूळ काढणें, हीं कामें प्रत्येकानें नव्यानें लिहीत बसूं नये म्हणून तीं आधींच लिहून ठेवलेलीं असतात. त्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात, आणि तिच्यांत काय काय आहे हें सांगणारी जी यादी, तिला हेडर. प्रोग्रॅमच्या डोक्यावर 'अमुक हेडर येथें घ्या' अशी एक ओळ लिहिली, कीं कंपायलर त्या हेडरचा सगळा मजकूर उचलून त्या ओळीच्या जागीं जसाच्या तसा ओततो. आपण लिहिलेल्या ५० ओळींच्या आधीं परक्याच्या शेंकडों ओळी येऊन बसतात, आणि त्यांतलीं सगळीं नांवें आपल्या नांवांच्या पंक्तीला जेवावयास बसतात. मध्यें भिंत नाहीं, पडदा नाहीं.

त्यांत आणखी एक विलक्षण प्राणी आहे. त्याला मॅक्रो म्हणतात. मॅक्रो म्हणजे 'हा शब्द दिसेल तेथें तो पुसून त्या जागीं हा दुसरा मजकूर लिहा' अशी सूचना. ती अंमलांत येते ती कंपायलरनें वाक्याचा अर्थ लावण्यापूर्वीं. त्यामुळें तिला प्रसंग, संदर्भ, आपलें-परकें कांहींच कळत नाहीं. एखाद्या कारकुनाला 'राम दिसेल तेथें गोविंद लिही' असें सांगावें, आणि पत्रांत कोणा वृद्धानें राम म्हटल्याची वार्ता असतां त्यानें तेथेंहि गोविंद म्हटल्याचें लिहून ठेवावें, तसला हा प्रकार. लायब्ररीच्या हेडरांत एखाद्या कृतीच्या वर्णनांत 'बफर' असा साधा शब्द आला असेल, आणि तुम्ही हेडर घेण्यापूर्वीं 'बफर म्हणजे ५१२' असा मॅक्रो लिहिला असेल, तर हेडरमधल्या त्या शब्दाचे ५१२ होतात. तुम्ही लिहिलेलें सगळें बरोबर, लायब्ररीचेंहि सगळें बरोबर, आणि दोन्हीं एकत्र आल्यावर अनर्थ.

सी ही भाषा डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत घडवली. त्या वेळीं ती जाणणारीं माणसें थोडीं. नांवांचा तंटा निघालाच तर शेजारच्या टेबलाकडे मान वळवून मिटवतां येण्याजोगा. तरीहि एक पथ्य तेव्हांपासून दिसतें. जुन्या युनिक्सवरील कंपायलर सी भाषेंतल्या प्रत्येक सार्वजनिक नांवाच्या आरंभीं भाषांतर करतांना स्वतः एक अंडरस्कोअर चिकटवी, म्हणजे यंत्राच्या असेंब्ली भाषेंत लिहिलेल्या कृतींच्या नांवांशीं त्यांची टक्कर होऊं नये. अंडरस्कोअर म्हणजे ओळीच्या तळाशीं येणारी लहान आडवी रेघ. टंकलेखन यंत्रावर शब्द अधोरेखित करण्यासाठीं ती जन्माला आली. सीनें तिला अक्षराचा दर्जा दिला आणि मग तिच्यावर भलतीच जबाबदारी येऊन पडली.

पुढें ही भाषा गांवोगांव पसरली. प्रत्येक कारखानदाराचा कंपायलर निराळा, हेडर निराळे, आणि त्यांत कोणतीं नांवें असावींत याला धरबंध नाहीं. अखेर १९८३ सालीं अमेरिकेंत भाषेचें प्रमाण ठरवण्यासाठीं समिति बसली आणि १९८९ सालीं तिनें आपली संहिता पुरी केली. त्या संहितेंत नांवांची वांटणी आहे. ज्या नांवाच्या आरंभीं अंडरस्कोअर असून त्यापुढें रोमन लिपींतलें मोठें अक्षर किंवा आणखी एक अंडरस्कोअर येतो, तें नांव कंपायलर व लायब्ररी यांच्यासाठीं सर्वकाळ आणि सर्व उपयोगांना राखीव. एकाच अंडरस्कोअरनें सुरू होणारीं बाकीचीं नांवें फाइलच्या सर्वांत बाहेरच्या पातळीवर राखीव. एखाद्या कृतीच्या आंत, आपल्या चार भिंतींत, तीं वापरण्यास हरकत नाहीं. सीची धाकटी बहीण जी सी प्लस प्लस, तिनें सोंवळें आणखी कडक केलें आहे: तेथें नांवाच्या पोटांत कोठेंहि दोन अंडरस्कोअर लागून आले तरी तें नांव राखीव.

हा नियम शिकणाऱ्याला जुलमाचा वाटतो. मोठ्यांनीं आपल्यासाठीं जागा अडवून ठेवल्या, असा त्याचा पहिला समज होतो. माझाहि झाला होता. पण करार वाचतांना त्याचा दुसरा अर्धा भाग वाचावयाचा राहून जातो. लायब्ररीनें जीं नांवें उघडपणें जाहीर केलीं तीं आणि हीं अंडरस्कोअरचीं, एवढीं सोडलीं तर उरलेलीं सगळीं नांवें प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचीं. त्यांना लायब्ररीनें स्पर्श करावयाचा नाहीं. नवी सून कोणतेंहि नांव घेऊन आली तरी तें बदललें जाऊं नये, म्हणून सासूनेंच आपल्यापुरतीं कांहीं विचित्र नांवें घेऊन ठेवलीं, असा हा प्रकार आहे. लायब्ररीचा कोणताहि हेडर उघडून पाहा. साध्या 'बफर' शब्दालासुद्धां तेथें पुढें दोन अंडरस्कोअर लावलेले दिसतील. तीं नांवें डोळ्यांना बोंचतात. लिहिणाऱ्यांना सौंदर्यदृष्टि नव्हती असें नव्हे. चांगलीं नांवें आपल्यासाठीं सोडून दिल्यावर जीं उरलीं त्यांवर त्यांनीं संसार केला.

या बंधनाची खोली एका उदाहरणावरून कळेल. युनिक्समध्यें फाइलींत मजकूर धाडण्याची मूळ कृति 'राइट' नांवाची आहे. पण सी भाषेच्या संहितेंत हें नांव नाहीं; म्हणून एखाद्या विद्यार्थ्यानें आपल्या प्रोग्रॅमांत स्वतःची 'राइट' नांवाची कृति लिहिली तर तो त्याचा हक्क आहे. आतां पडद्यावर अक्षरें उमटवणारी लायब्ररींतली प्रसिद्ध कृति म्हणजे 'प्रिंटएफ'. तिलाहि आंतून मजकूर बाहेर धाडावाच लागतो. तिनें सरळ 'राइट' अशी हांक मारली तर ओ देईल ती विद्यार्थ्याची कृति. आणि लायब्ररीचा सगळा मजकूर, ज्याला त्याची गंधवार्ताहि नाहीं अशा पोराच्या हातीं जाऊन पडेल. म्हणून नीट बांधलेल्या लायब्ररींत 'प्रिंटएफ' आंतल्या आंत जी हांक मारते ती अंडरस्कोअर लावलेल्या दुसऱ्याच नांवानें. थोरल्यांनीं स्वतःच्या घरांत कुजबुजत बोलावयाचें, कारण पाहुणा त्याच नांवाचा असूं शकतो!

नियम मोडल्याची शिक्षा मीं स्वतः भोगली आहे, आणि दोष सर्वस्वीं माझा होता. नोकरीच्या पहिल्या वर्षीं पाण्याच्या टाकीची पातळी मोजणाऱ्या एका लहानशा उपकरणासाठीं मीं प्रोग्रॅम लिहिला. दर तासाला एक अशीं दिवसाचीं २४ मोजमापें. त्या २४ ला मीं नांव ठेवलें अंडरस्कोअर आणि त्यापुढें मोठें एन. असें नांव कां ठेवलें हें सांगावयास आज संकोच वाटतो: तें मला तज्ज्ञासारखें दिसलें. कचेरींतल्या संगणकावर प्रोग्रॅम बिनतक्रार चालला. उपकरणाच्या कंपायलरकडे दिला तेव्हां उत्तर आलें कीं, येथें अंकापूर्वीं नांव हवें होतें. ज्या ओळीवर त्यानें बोट ठेवलें होतें, तिच्यांत नांव तर ढळढळीत दिसत होतें! दोन दिवस मी ती ओळ पुसून पुन्हां पुन्हां लिहीत होतों. एखादें अदृश्य अक्षर शिरलें असेल म्हणून सबंध फाइल नव्यानें टंकली. तिसऱ्या दिवशीं एका वडील सहकाऱ्यांनीं माझ्या पाठीमागें उभें राहून पाहिलें आणि त्या कंपायलरबरोबर आलेला एक हेडर उघडून दाखवला. अक्षरांची जात ओळखण्यासाठीं तो असतो: हें अक्षर मोठें कीं लहान, अंक कीं विरामचिन्ह. त्यांत अंकाच्या खुणेसाठीं मॅक्रो होता अंडरस्कोअर-एन, आणि त्याची किंमत होती ४. 'अंडरस्कोअर-एन म्हणजे २४' ही माझी ओळ कंपायलरच्या हातीं पोंचेपर्यंत '४ म्हणजे २४' अशी झाली होती. "हेडर लिहिणाऱ्यांनीं एवढें आंखूड नांव घ्यावें तरी कां?" म्हणून मी कुरकुरलों. ते म्हणाले, "अहो, त्यांनीं त्यांच्या आवारांत घेतलें. तुम्ही तेथें काय करीत होतां?"

मला उत्तर सुचलें नाहीं. परंतु त्या प्रसंगांतली खरी मेख पुढें लक्षांत आली. कचेरींतल्या कंपायलरनें मला एका शब्दानें हटकलें नव्हतें. हा नियम मोडणाऱ्याला पकडण्याचें कर्तव्य कंपायलरवर नाहींच. संहिता एवढेंच म्हणते कीं, राखीव नांव घेतल्यास पुढें काय होईल याची हमी नाहीं. आज चालेल, उद्यां चालेल, दहा वर्षें चालेल. आणि एके दिवशीं लायब्ररीची नवी आवृत्ति येईल, तिच्यांत नेमकें तेंच नांव असेल, आणि ज्यानें प्रोग्रॅम लिहिला तो तोंवर दुसऱ्या नोकरींत असेल किंवा या जगांत नसेल. आपल्या देवरायांना कुंपण नसतें, पहारेकरीहि नसतो. कुऱ्हाड चालत नाहीं ती केवळ गांवाला सीमा ठाऊक असते म्हणून. येथें फरक एवढाच, कीं गांवांत रोज नवीं माणसें येतात आणि त्यांना सीमा कोणी दाखवीत नाहीं.

उलट चुकीच्या वाटेला लावण्याची व्यवस्था मात्र उत्तम आहे. नवशिका प्रोग्रॅम लिहावयास शिकतो तो थोरांचें लेखन वाचून, आणि सर्वांत हाताशीं असलेलें थोरांचें लेखन म्हणजे लायब्ररीचे हेडर. एकच हेडर दोनदां ओतला जाऊं नये म्हणून प्रत्येक हेडरच्या दारावर एक खुणेचें नांव ठेवतात; तें नांव आधींच ठेवलेलें दिसलें कीं कंपायलर आंतला मजकूर सोडून पुढें जातो. लायब्ररीच्या हेडरांवर हीं नांवें अर्थातच अंडरस्कोअर आणि मोठ्या अक्षरानें सुरू होतात; तो त्यांचा अधिकारच आहे. नवशिका तें पाहतो आणि हीच रीत म्हणून आपल्या हेडरवरहि तसेंच नांव लावतो. राजाच्या दारावर छत्र पाहून प्रत्येकानें आपल्या ओसरीवर छत्र टांगावें, तशी स्थिति. लिनक्सच्या गाभ्यांतल्या हेडरांच्या दारावरहि अशींच नांवें आहेत. पण तो गाभा सीच्या नेहमींच्या लायब्ररीवर उभा नसल्यामुळें त्याचें निभावतें. इतरांनीं तो दाखला देऊं नये. रिची व त्यांचे सहलेखक ब्रायन कर्निघन यांनीं आपल्या पाठ्यपुस्तकाच्या १९८८ च्या आवृत्तींत नांवाच्या आरंभीं अंडरस्कोअर घेऊं नका असें बजावलें होतें. तें पान लोक वाचतात आणि पुढें जातात. क्लँग नांवाच्या कंपायलरांत २०२१ पासून अशा नांवांबद्दल सावध करण्याची सोय आहे खरी. पण ती मागितल्याशिवाय मिळत नाहीं.

आतां थोरल्यांचीहि एक चूक सांगितली पाहिजे, नाहींतर मी त्यांचा वकील ठरेन. १९८९ च्या समितीनें अंडरस्कोअरवर समाधान मानलें नाहीं. भविष्यांत लायब्ररींत भर घालावी लागेल म्हणून तिनें साध्या नांवांचेहि कांहीं वाडे आधींच अडवून ठेवले. रोमन लिपींत एस-टी-आर, एम-ई-एम, आय-एस किंवा टी-ओ या अक्षरांनीं सुरू होऊन पुढें लहान अक्षर येणारें कोणतेंहि नांव सार्वजनिक कृतीला देऊं नये, असा तिचा हुकूम होता. याचा अर्थ काय झाला पाहा. 'टोटल', म्हणजे बेरीज, हें नांव गेलें. 'मेमरी' गेलें. 'स्ट्रीट' गेलें, 'इश्यू' गेलें. कोणा मराठी प्रोग्रॅमरनें सणांच्या साहित्याचा हिशेब लिहितांना एका कृतीला रोमन अक्षरांत 'तोरण' असें नांव दिलें, तर तोहि अपराधी. आणि 'स्त्री' हा शब्द रोमन अक्षरांत लिहिला तरी तो राखीव कुरणांत जाऊन पडतो. (नांव देवनागरींत लिहिलें तर या हुकमांतून सुटका होते, कारण ते सगळे रोमन अक्षरांना धरून आहेत, आणि जीसीसी हा कंपायलर २०२० पासून देवनागरी नांवें सरळ स्वीकारतो. पण तशीं नांवें लिहिणारा मला अजून भेटावयाचा आहे.) हा हुकूम कोणी पाळला नाहीं. पाळणें शक्यच नव्हतें. आणि माझ्या मतें त्याचा तोटा असा झाला, कीं जो नियम न्याय्य होता त्याचीहि पत त्याबरोबर उतरली. सगळेच नियम असे, असें लोक म्हणूं लागले. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या सीच्या नव्या संहितेनें ही गोष्ट उशिरां कां होईना मान्य केली. तसल्या नांवांना आतां 'संभाव्य राखीव' असा सौम्य वर्ग दिला आहे: तुम्ही वापरीत असलेल्या लायब्ररीनें तें नांव प्रत्यक्ष घेतलें असेल तरच तें राखीव. तोरण बांधावयास हरकत राहिली नाहीं.

दुसरी अडचण थोरल्यांच्या आपसांतली आहे. करारांत राखीव आवार 'कंपायलर व लायब्ररी' यांना मिळून दिलेलें. पण पुष्कळदां कंपायलर लिहिणारे एके ठिकाणचे आणि लायब्ररी लिहिणारे दुसऱ्या ठिकाणचे असतात. त्या दोघांमधली हद्द कोणी आंखली नाहीं. २००९ सालीं अ‍ॅपल कंपनीनें सी भाषेंत एक नवी सोय आणली आणि तिच्यासाठीं दोन अंडरस्कोअर व 'ब्लॉक' असा शब्द घेतला. आवार राखीव, त्यामुळें नियमभंग कांहीं नाहीं. इकडे लिनक्सवरील प्रसिद्ध जी-लिबसी लायब्ररीच्या एका हेडरांत, मजकूर गूढ लिपींत बदलणाऱ्या कृतीच्या वर्णनांत, नेमका हाच शब्द पूर्वींपासून बसलेला, तोहि नियमाप्रमाणेंच. ही सोय चालू करून क्लँगकडून लिनक्सवर प्रोग्रॅमचें भाषांतर करावयाला जावें, तों त्या हेडरवरच तो अडे. बिचाऱ्या प्रोग्रॅमरनें दोहोंपैकीं एकहि शब्द लिहिलेला नसे. शेवटीं लायब्ररीनें आपल्या शब्दांत स्वतःचें घराण्याचें नांव घातलें: दोन अंडरस्कोअर, मग 'जी-लिबसी', मग 'ब्लॉक'. थोरले अण्णा, धाकटे अण्णा म्हणतात, तसें. क्लँगच्या लेखकांना तर याहून नमतें घ्यावें लागलें आहे. त्यांच्या कांहीं खास शब्दांना जुन्या लायब्ररींनीं आपल्या रचनांचीं नांवें म्हणून वापरलें होतें. म्हणून तसा शब्द रचनेची घोषणा करणाऱ्या शब्दापाठोपाठ आला, तर त्यानें आपला विशेष अर्थ सोडून मुकाट्यानें साधें नांव व्हावें, अशी तजवीज त्यांनीं कंपायलरांत करून ठेवली आहे.

हा सगळा खटाटोप कां, असें कोणी विचारील. भाषा वाढते, म्हणून. तिला नवे शब्द लागतात, आणि तोंपर्यंत लोकांनीं ते आपल्या कामाला लावलेले असतात. जुन्या भाषांनीं दोन टोकें गांठून पाहिलीं. कोबॉलनें शेंकडों शब्द राखून ठेवले. आयबीएमच्या पीएल-वन भाषेनें एकहि राखला नाहीं. तेथें 'जर' या अर्थाचा आज्ञाशब्दच एखाद्या राशीचें नांव म्हणून ठेवतां येतो, आणि 'जर जर बरोबर तर' अशा धाटणीचें विधान कायदेशीर ठरतें. जावा भाषेनें २००४ सालीं 'एनम' हा शब्द घेतला, तेव्हां तो नांव म्हणून वापरणारे पुष्कळ प्रोग्रॅम मोडले. पायथनमध्यें २०१८ सालीं 'असिंक' या शब्दानें तेंच केलें. सी प्लस प्लसला २०२० च्या संहितेंत 'यील्ड' हा शब्द हवा होता. पण यील्ड म्हणजे रोख्यावरचा परतावा आणि यील्ड म्हणजे शेतांतलें पीकहि, आणि हिशेबाचे व शेतीचे प्रोग्रॅम त्या शब्दानें भरलेले. म्हणून तिनें पुढें 'को' आणि अंडरस्कोअर जोडून कुरूप शब्द पत्करला. लोकांनीं नाकें मुरडलीं. मला त्यांत थोरपण दिसतें.

सीनें मात्र आपलें राखीव रान कशासाठीं ठेवलें होतें, तें १९९९ सालीं दिसलें. खरें आणि खोटें एवढ्याच दोन किंमती घेणारा 'बूल' नांवाचा प्रकार भाषेंत पाहिजे होता. तोंवर हजारों प्रोग्रॅमरांनीं आपापला 'बूल' घरीं बनवून घेतला होता, कोणी एका तऱ्हेचा, कोणी दुसऱ्या. समितीनें तें नांव घेतलें असतें तर एका रात्रींत ते सारे प्रोग्रॅम अडले असते. तिनें आपल्या रानांत जाऊन नांव काढलें: अंडरस्कोअर आणि मोठ्या 'बी'चा बूल. त्या आवारांत कोणी नियमानें राहणारा नसल्यामुळें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. ज्याला साधें 'बूल' हवें त्यानें एक छोटा हेडर घ्यावा. त्यांतला मॅक्रो तें नांव पुरवी. ज्याचें स्वतःचें होतें त्यानें हेडर न घेतां आपलें चालू ठेवावें. अशा रीतीनें २५ वर्षें गेलीं.

२०२४ च्या संहितेंत मात्र साधें 'बूल' हें भाषेचें स्वतःचें नांव झालें. त्यापुढच्या वर्षीं जीसीसीच्या १५ व्या आवृत्तीनें, दुसरें कांहीं सांगितलें नाहीं तर हीच संहिता धरून चालावयाचें ठरवलें, आणि ज्यांनीं आपला घरगुती बूल अजून जपून ठेवला होता असे कितीतरी जुने प्रोग्रॅम त्या सालीं अडून बसले. त्यांतल्या अनेकांचे मूळ लेखक केव्हांच निघून गेलेले. जे सांभाळणारे होते त्यांच्यापुढें दोन वाटा: आपल्या बूलचें नांव बदलणें किंवा तो पुसून टाकणें ही एक, नाहींतर कंपायलरला 'हा लेख जुन्या संहितेप्रमाणें वाच' असें सांगणें, ही दुसरी. दोन्हीं वाटांनीं लोक गेले. आणि अंडरस्कोअरवाला तो जुना बूल? नव्या संहितेनें त्याला काढून टाकलें नाहीं. त्याच शब्दाचें दुसरें लेखन म्हणून तो अजून चालतो.